गाडी तापते तेव्हा ती काय करत असते? कामठी रोडच्या रेडिएटरवाल्या चाचांकडचा अनुभव

पाचपैकी चार. एक तारा का कापला ते पुढे येईलच.

मी कूलर बनवते. नागपुरात उमरेड रोडला दिघोरीच्या पुढे आमचं शेड आहे, बाबांनी सुरू केलेलं. मार्च ते जून आम्हाला धड जेवायला वेळ नसतो. माल पोचवायला एक जुनी बोलेरो पिकअप आहे, २००८ची, एमएच-४०, काटोलच्या एका संत्रावाल्याकडून घेतलेली. ड्रायव्हर टिकत नाहीत म्हणून बहुतेक खेपा मीच मारते. गेल्या उन्हाळ्यात या गाडीनं माझी अशी काही शोभा केली की हिंगणघाटपासून अमरावतीपर्यंतचे दुकानदार फोनवर मालाची विचारपूस करायच्या आधी विचारायचे, "ताई, आज इंजिनाले कूलर लावला का?"

झालं असं की दिवाळीनंतर जुनं इंजिन बसलं. ऑइल प्यायला लागलं होतं, धूर इतका की मागचे लोक हॉर्न मारून खिडकीतून बोट दाखवायचे. बोअर-पिस्टनचा खर्च ऐकून डोळे पांढरे झाले. एका गॅरेजवाल्यानं सुचवलं की अपघातातल्या एका गाडीचं तेच २५२३ सीसीचं डीआय इंजिन मिळतंय, कमी चाललेलं, तेच टाकू. टाकलं. आरटीओत जाऊन आरसीवर नवा इंजिन नंबर चढवून घेतला (तुम्हीही हे टाळू नका, क्लेमच्या वेळी विमावाले आधी तेच पाहतात). नोव्हेंबर ते फेब्रुवारी गाडी अशी पळाली की मी त्या गॅरेजवाल्याला पेढे दिले.

मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात कॉटन मार्केटच्या कोंडीत काटा लाल पट्टीत गेला. मागे सोळा कूलर, पुढे हातगाड्या, बॉनेटखालून वाफ. बादलीभर पाणी एका पानठेल्यावाल्यानं दिलं.

त्यानंतरचा महिना थोडक्यात सांगते. त्याच गॅरेजनं आधी थर्मोस्टॅट (पाणी गरम झाल्यावरच रेडिएटरकडे सोडणारी झडप) काढून फेकला. "नागपूरच्या गर्मीत याची गरजच नाही." मग रेडिएटर धुतला. मग वॉटर पंप बदलला. मग ढक्कन बदललं. प्रत्येक वेळी दोन दिवस बरं वाटायचं, कारण ते दोन दिवस मी घाबरून माल कमी भरायची. एकूण ११,४०० रुपये गेले आणि शेवटी निदान मिळालं, "हेड गॅस्केट गेलं असेल, हेड खोलावं लागेल." म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण काढून त्याखालचं पॅकिंग बदलायचं. असेल! एप्रिलच्या मध्यात, ऐन सीझनमध्ये, 'असेल'वर हेड खोलायचं? मी गाडी उचलून आणली.

आम्हाला पत्रा देणाऱ्या माणसानं चाचांचं दुकान सांगितलं. कामठी रोडला, ऑटोमोटिव्ह चौकाच्या अलीकडे, डबल डेकर पुलाच्या खालून आत वळायचं. पाटी आहे, पण उन्हानं अक्षरं उडालीत, फक्त 'रेडिएटर' एवढंच वाचता येतं. कोणालाही 'रेडिएटरवाले चाचा' विचारा. आत तांब्या-पितळेचे जुने रेडिएटर भिंतीला टेकवून ठेवलेत, एक पाण्याचा हौद, एक डाग द्यायची शेगडी, चाचा आणि त्यांचा भाचा. बस.

पहिल्या दिवशी त्यांनी गाडीला हातही लावला नाही. दुपारी दोन वाजता गरम गाडी घेऊन गेले होते. म्हणाले, "थंडी आना. रातभर उभी असलेली. गरम गाडी खोटं बोलते." मला राग आला. दिघोरीहून तिथपर्यंत दुपारच्या उन्हात एक चक्कर म्हणजे काय हे नागपूरकराला सांगायला नको. शेवटी संध्याकाळी गाडी तिथेच सोडली आणि सकाळी सातला परत गेले.

आता खरी गोष्ट. सकाळी चाचांनी बॉनेट उघडायच्या आधी स्टुलावर बसून विचारलं, "कधी तापते?"

"तापतेच हो, रोज."

"रोज नाही. कधी? उभी असते तवा का पळते तवा? वर्धा रोडनं सत्तरनं गेली तं तापते?"

विचार केला तर, नाही. बुटीबोरीच्या पुढे मोकळा रस्ता लागला की काटा खाली यायचा. मी ते कधी लक्षातच घेतलं नव्हतं. मला वाटायचं सकाळी लवकर निघते म्हणून.

"रात्री?" कमी. "हेडलाइट लावला का काटा हालते?" हो, थोडा वर उडी मारतो. हे विचारायचं काय कारण असेल, मला कळेना. "आनखी कुठं तापते?" मी म्हटलं, अमरावतीला जाताना, तळेगावच्या सत्याग्रही घाटात. लोडमुळे. गॅरेजवालापण तेच म्हणायचा, घाटात तापते म्हणजे रेडिएटर पुरत नाही.

"घाटात कितीनं चढता?"

"दुसऱ्या गिअरात. वीस-पंचवीसनं."

चाचा भाच्याकडे पाहून हसले. "मंग तो घाट नाही बेटा. तो बी कॉटन मार्केटच हाय."

हे वाक्य मी तेव्हापासून किमान दहा जणांना ऐकवलंय. गाडी वेगात असते तेव्हा समोरचा वारा रेडिएटरमधून आपोआप घुसतो, पंख्याला फार काम नसतं. कोंडीत वारा नसतो, सगळी भिस्त पंख्यावर. घाटात मी समजत होते गाडी चालतेय, वारा लागतोय. पण वीसच्या वेगाला वारा किती? आणि इंजिन तर पूर्ण ताकदीनं जळतंय. मोकळ्या रस्त्यावर सत्तरला ठीक, कोंडीत आणि घाटात वाईट, म्हणजे पाणी फिरतंय, हवा फिरत नाही. उलट असतं, म्हणजे कोंडीत ठीक आणि हायवेवर तापते, तर पाण्याकडे पाहायचं: रेडिएटरचा जाम झालेला कोर (आतल्या नळ्या-जाळी), पंप, किंवा खालचा रबरी पाइप. तो पाइप मऊ झाला किंवा आतली स्प्रिंग गेली की रेस दिल्यावर पंपाच्या ओढीनं चपटा होतो. ही पाइपाची गोष्ट चाचांनी हातानं दाबून दाखवली. माझा ठणठणीत होता.

तरी त्यांनी अंदाजावर काम केलं नाही. ढक्कन काढून थंडं इंजिन चालू केलं आणि रेडिएटरच्या तोंडात टॉर्च मारून पाहत बसले. थंडं असतानाच बुडबुडे सतत येत राहिले किंवा ढक्कन लावल्यावर वरचा पाइप मिनिटाभरात दगडासारखा झाला, तर सिलिंडरचा वायू पाण्यात घुसतोय, गॅस्केट गेलं. बुडबुडे नाहीत. मग निळ्या द्रवाची एक काचेची नळी तोंडावर बसवून हवा ओढली. जळलेला वायू असेल तर निळा रंग बदलतो. निळाच राहिला. "हेड खोलू नका," एवढंच म्हणाले. मला ११,४०० रुपये आठवले आणि पुढचे पंचवीस हजार वाचल्याचंही कळलं.

ढक्कन लावलं. त्याचा दाब हातपंपानं तपासला, ठीक होता. मग गाडी सावलीत वीस मिनिटं उभ्या उभ्या चालू ठेवली. त्यांच्याकडे तापमान मोजायची बंदूक आहे. पण आधी भाच्यानं थर्मोस्टॅटच्या चकचकीत ॲल्युमिनियमच्या डब्यावर काळ्या टेपचा तुकडा चिकटवला. चमकणाऱ्या धातूवर ही बंदूक कमी दाखवते, काळ्यावर बरोबर. हे मला माहीत नव्हतं. मी घरी अशी बंदूक विकत आणून चार दिवस स्वतःलाच फसवलं होतं! वर १०३, खालच्या टाकीच्या तोंडाशी ९५. फक्त आठ अंशांचा फरक. खालचा पाइप थंडगार लागला असता तर पाणी फिरत नाही असं कळलं असतं. इथे पाणी फिरत होतं, पण जितकं गरम जात होतं जवळजवळ तितकंच गरम परत येत होतं.

मग चाचांनी पेपरचं एक पान फाडलं आणि समोरच्या जाळीवर धरलं.

हे दृश्य मी विसरणार नाही. पान मधोमध ताटाएवढ्या गोलात घट्ट चिकटलं आणि चारही कोपरे फडफडत राहिले. कोपऱ्यांना ओढच नाही. इंजिन बंद करून चाचांनी गरम पंखा बोटानं फिरवला, एका गिरकीत थांबला. म्हणजे त्याचा व्हिस्कस क्लच (गरम झाल्यावर पंख्याला इंजिनाबरोबर जोरात फिरवणारा भाग) पकडतोय. म्हणाले, "पंखा चांगला हाय. पंख्याले घर नाही."

काउल. रेडिएटर आणि पंख्याच्या मधलं ते प्लॅस्टिकचं झाकण, ज्यामुळे पंख्यानं ओढलेली हवा फक्त रेडिएटरच्या जाळीतूनच येते. माझ्या गाडीत ते नव्हतंच. जुन्या इंजिनावर साधा, सरळ बोल्टाचा पंखा होता. नव्या इंजिनाबरोबर व्हिस्कसवाला आला, तो जाड, त्यामुळे पाती दीड इंच पुढे सरकली आणि काउलला घासायला लागली. लाकडी पट्टी लावून चाचांनी तो दीड इंच मोजून दाखवला. बसवणाऱ्यानं सोपा उपाय केला, काउल काढून टाकलं. हिवाळ्यात काहीच बिघडलं नाही. मार्च उजाडला आणि उघडं पडलं.

मी तिथे बोनेटला टेकून उभी होते आणि मला माझीच लाज वाटत होती. कारण हे तर आमचं रोजचं आहे! गिऱ्हाईक फोन करतं, "ताई, कूलर हवा देते पन थंडी देत नाही." मी पहिला प्रश्न विचारते, "तिन्ही ताट्या लावल्या का?" ताटी म्हणजे कूलरच्या बाजूची, पाण्यानं ओली राहणारी जाळी. एक ताटी काढून ठेवली असेल तर पंखा तितकाच जोरात फिरतो, आवाज तोच, पण हवा त्या उघड्या बाजूनं येते, ओल्या ताटीतून येतच नाही. हवेला कष्ट आवडत नाहीत. वीस वर्षं लोकांना हे सांगतेय आणि स्वतःच्या गाडीचं बॉनेट महिनाभर रोज उघडून पाणी ओततेय, पण समोरचा पंखा उघड्यावर फिरतोय हे दिसलं नाही.

पुढचं त्याहून भारी. गाडीच्या मागे टिल्लू पंपांचे (कूलरमधले छोटे पंप) रिकामे पुठ्ठे पडले होते. चाचांनी ते मागितले. भाच्यानं अर्ध्या तासात पुठ्ठा कापून, टेप मारून एक कच्चं काउल बनवलं, पात्यांना लागणार नाही असं लांब बांधलं. (हा प्रयोग तुम्ही करू नका. पुठ्ठा पंख्यात गेला तर जाळीचा चेंदामेंदा होतो.) परत वीस मिनिटं. बाहेर तोपर्यंत ऊन चढलं होतं, म्हणजे परिस्थिती आधीपेक्षा कठीण. वर ९३, खाली ७८. पेपर लावला तर कोपऱ्यापर्यंत चिकटला.

पुठ्ठ्यानं! अकरा हजारांत जे झालं नाही ते फुकटच्या पुठ्ठ्यानं झालं.

आणि इथेच मला हा माणूस आवडला. त्यांचा धंदा रेडिएटरचा आहे. माझा रेडिएटर जुना तांब्याचा, आत टॉर्च मारली की पांढरा थर दिसतो, कारण वर्षानुवर्षं आम्ही शेडमधलं बोअरचं पाणी भरलं. तोच क्षार आमच्या ताट्यांवर मे महिन्यात चुन्यासारखा जमतो. ते सहज म्हणू शकले असते, कोर बदला, आणि मी आनंदानं बदलला असता. ते म्हणाले, "पंधरा अंश उतरते ना? मंग चालू द्या. बोअरचं पानी बंद करा, तेवढं पुरे." डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट निम्मं-निम्मं भरायला सांगितलं. नागपुरात पाणी गोठायचा प्रश्न नाही, पण कूलंटनं गंज लागत नाही आणि पाणी उशिरा उकळतं.

थर्मोस्टॅट मात्र परत बसवायलाच लावला. मी वाद घातला, कारण सगळं नागपूर काढून टाकतं. त्यांचं म्हणणं असं: याला दोन दरवाजे असतात. गरम झाला की रेडिएटरचा उघडतो आणि बायपासचा बंद होतो. काढून टाकला की दोन्ही सताड उघडे, काही गरम पाणी रेडिएटरकडे न जाताच परत इंजिनात. म्हणजे काढून माझं नुकसानच झालं होतं.

खरं काउल मी आमच्याच शेडमध्ये बनवलं. कूलरच्या बॉडीचा २२ गेजचा जीआय पत्रा, मापं चाचांनी दिलेली: पाती निम्मी रिंगच्या आत, निम्मी बाहेर. पहिलं मी फार सुबक बनवलं, पात्यांभोवती जेमतेम बोटभर फट. कूलरमध्ये असंच करतो. चाचांनी पाहिलं आणि परत दिलं. "कूलर उभा राह्यते बेटा. इंजिन डोलते." खरंच, रबरी माउंटवर इंजिन रेस देताना केवढं हलतं ते त्यांनी ॲक्सिलेटर दाबून दाखवलं. दुसऱ्या खेपेला चारी बाजूंनी इंचभर जागा सोडली. ते बसलं. नाक वर राहील अशी गाडी विटांवर चढवून पाणी भरलं, वरचा पाइप दाबत दाबत हवा काढली. आणखी दीड लिटर बसलं. म्हणजे हवाही अडकलेली होती, आधीच्या कोणीच ती काढली नव्हती.

एवढं सगळं करून गाडी सुरू केली आणि काटा परत तीन चतुर्थांशावर! माझ्या पोटात गोळा. बंदूक म्हणते ९१. चाचा निवांत. इंजिनाबरोबर त्याचा स्वतःचा सेन्सर आलाय, मीटर मात्र जुन्या गाडीचं. दोघांचं माप वेगळं, म्हणून काटा वर बोलतो. शिवाय इंजिन बदलताना इंजिन ते चासीची अर्थची पट्टी परत लावलीच नव्हती, म्हणून हेडलाइटबरोबर काटा उडायचा. तो सकाळचा प्रश्न आत्ता कळला. नवी पट्टी लावल्यावर उडी थांबली. सेन्सर त्यांनी बदलला नाही. मार्करनं मीटरच्या काचेवर काट्यासमोर एक ठिपका काढला. "हे नव्वद. याच्या वर गेला तं थांबा."

२०२४च्या मे महिन्यात आपल्या नागपूरच्या एका स्वयंचलित हवामान केंद्रानं ५६ अंश दाखवलं होतं, आठवतं? देशभर बातमी झाली आणि मग हवामान खात्यानं सांगितलं की सेन्सर बिघडलाय. त्या दिवशी आम्हाला दुप्पट फोन आले होते कूलरसाठी. तेव्हा हसले होते लोकांना, आता माझ्याच गाडीच्या काट्यानं मला तसंच फसवलं.

बिल: तपासणी ४००, थर्मोस्टॅट-पॅकिंग ५२०, कूलंट ७८०, अर्थची पट्टी १५०, मजुरी ६००. एकूण २,४५०. पत्रा माझा. बिल म्हणजे वहीचं फाडलेलं पान, शिक्का वगैरे काही नाही. यूपीआय चालतं.

तर एक तारा कशाचा कापला? पहिला, फोन उचलत नाहीत. अजिबात. दुसरा, एकूण तीन चकरा आणि एक रात्र गाडी तिथे. सीझनमध्ये हे परवडत नाही, आधी सांगितलं असतं तर मी भाड्याची गाडी ठरवली असती. तिसरा, तो ठिपका. गंमत ठीक आहे, पण काचेवरचा मार्कर दोन आठवड्यांत पुसला गेला आणि आमच्या पोरानं गाडी नेली तेव्हा घाबरून बोरखेडीला उभी करून मला फोन केला. शेवटी मीच मीटरला जुळणारा सेन्सर आणून दुसरीकडे बसवला. तो पहिल्याच दिवशी बदलून पैसे घेतले असते तरी मी दिले असते. पत्र्याच्या कडेला रबरी पट्टी लावा हेही कोणी सांगितलं नाही, पाणी तपासताना अंगठा कापला. कूलर बनवणारीला हे सांगावं लागू नये, ते मान्य.

ज्यानं इंजिन बसवलं त्याच्यावर मी फार चिडलेली नाही. इंजिन चांगलं दिलं, आजही थेंबभर ऑइल पीत नाही. पण बसवून देणं वेगळं आणि त्या गाडीत ते नांदतंय का हे उन्हाळ्यात पाहणं वेगळं. दुसरीकडून इंजिन घेणार असाल तर ताब्यात घेताना काउल, थर्मोस्टॅट आणि अर्थची पट्टी जागेवर आहे का, स्वतः डोळ्यांनी पाहा. आणि मार्चपर्यंत पेढे देऊ नका.

मे महिन्यात सत्याग्रही घाट दोनदा चढले, अठरा कूलर भरून, दुपारी. सेन्सर बदलल्यावर काटा अर्ध्याच्या वर गेला नाही. पंख्याचा आवाज मात्र घाटात मोठा येतो, वावटळ आल्यासारखा. आधी दचकले. तो व्हिस्कसनं पकडल्याचा आवाज आहे, काम करतोय म्हणून येतो.

जायचं असेल तर: सकाळी सात ते अकरा, गाडी थंडी. शुक्रवारी दुपारी बंद. पाण्याची बाटली सोबत न्या, बसायला जागा नाही आणि आत प्रचंड उकडतं. चाचांकडे कूलर नाही. मी एक नेऊन देते म्हटलं तर म्हणाले, डाग देताना वारा चालत नाही.